कॉकपिटमधलं गुपित

1 डिसेंबर 1974. इंडियानापोलिसहून निघालेलं टीडब्ल्यूए कंपनीचं 514 क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावर उतरायचं होतं. तिथे वारा इतका सुटला होता की ते डलेस विमानतळाकडे वळवण्यात आलं. नियंत्रकाने उतरायला परवानगी दिली. तिचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला, नियंत्रकाच्या मनात दुसराच होता. आता 1800 फुटांपर्यंत खाली यायला हरकत नाही, असं समजून वैमानिक खाली आले. ढगांमुळे समोरचं काही दिसत नव्हतं. समोर व्हर्जिनियातला माउंट वेदर हा डोंगर होता. विमानातले सगळे, 92 जण, गेले.

चौकशीत पुढे आलेली एक गोष्ट मात्र अपघाताहूनही जास्त छळते. अपघाताच्या साधारण सहा आठवडे आधी युनायटेड कंपनीचं एक विमान याच गैरसमजातून खाली आलं होतं आणि याच डोंगरावरून थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी घडलेलं सगळं कंपनीला कळवलं. कंपनीनेही दडपलं नाही, आपल्या वैमानिकांना सावध केलं. फक्त आपल्या. घरची गोष्ट घरात राहिली आणि दुसऱ्या घरातले 92 लोक मेले.

सहकाऱ्याची एखादी नको ती गोष्ट आपल्याला कळली तर सांगावी की पोटात ठेवावी, हा प्रश्न आपण नेहमी माणसाच्या चारित्र्याच्या खात्यावर मांडतो. धाडस असेल तो सांगेल, नसेल तो गप्प बसेल. विमानवाल्यांनी तो तिथून उचलला आणि इंजिनियरच्या टेबलावर नेऊन ठेवला. सांगणं सोपं व्हावं अशी वाट बांधता येईल का? त्यांनी जे बांधलं त्याचं मला आजही नवल वाटतं.

पहिला प्रयत्न फसला, आणि तो फसणं साहजिकच होतं. 1975 मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, जाहीर केलं: चुका आम्हाला कळवा, आम्ही शिक्षा करणार नाही. पण परवाना काढून घेणारं खातं तेच. फौजदारानेच ‘सांग रे बाबा, मी काही करत नाही’ म्हटलं तर कोण सांगेल? म्हणून 1976 मध्ये हे काम नासाकडे दिलं गेलं. नासाकडे ना कुणाचा परवाना, ना दंडाची पावती. कॅलिफोर्नियातल्या एम्स संशोधन केंद्राच्या आधाराने ही योजना उभी राहिली आणि आजही चालू आहे. पैसा मुख्यतः एफएएचा, पण कागद एफएएच्या हाती पडत नाही.

खरी गंमत त्या कागदातच आहे. कागदी अर्जाच्या वरच्या भागात एक पट्टी असते. नाव, पत्ता, फोन फक्त तिच्यावर. अर्ज पोचला की निवृत्त वैमानिक किंवा नियंत्रक असलेले विश्लेषक तो वाचतात, काही अडलं तर फोन करून विचारतात. मग ती पट्टी फाडून, शिक्का मारून पाठवणाऱ्यालाच परत टपालाने जाते. मजकुरातूनही ओळख पटेल असं सगळं काढलं जातं. त्यानंतर कोर्टाने विचारलं तरी हे कुणी सांगितलं ते नासालाही सांगता येत नाही, कारण ते नासालाच माहीत नसतं! विसरण्याची अशी शिस्तबद्ध सोय दुसऱ्या कुठल्या सरकारी कचेरीत असेल असं वाटत नाही. आपल्याकडच्या कचेऱ्यांत विसरतात खूप, पण ते वेगळं.

ज्याने दहा दिवसांच्या आत कळवलं आणि ज्याची चूक हेतुपुरस्सर नव्हती, त्याच्यावर ठपका आला तरी परवाना सहसा निलंबित होत नाही. आजवर लाखो अहवाल जमले आहेत. कुणी स्वतःचं सांगतं, कुणी शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचं. दोन गोष्टींना मात्र हे छत्र नाही: अपघात आणि गुन्हा. तिथे पट्टी परत येत नाही.

इथवरचं सगळं एखाद्या चुकीबद्दल झालं. पण गुपित चुकीचं नसून माणसाचंच असेल तर? कॅप्टन पितो, हे सहवैमानिकाला ठाऊक आहे. सकाळच्या फेरीला त्याच्या तोंडाला वास येतो.

1970 च्या सुमाराला अमेरिकेत अशा वैमानिकाचं निदान झालं की त्याची नोकरी जवळजवळ कायमची संपायची. मग सहकारी काय करायचे? जे आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत लोक करतात तेच. कुणाच्या पोटावर पाय कशाला आणायचा? लेकरंबाळं आहेत त्याला. चेकलिस्ट आपणच दोनदा वाचू. शिक्षा जितकी कडक, तितकं मित्रांचं मौन घट्ट. आणि हे मौन प्रेमातून आलेलं असायचं, हे जास्त भयंकर.

1974 मध्ये वैमानिकांच्या संघटनेने सुरू केलेल्या ‘हिम्स’ या कार्यक्रमाने हे गणित उलटं केलं. दारूचं व्यसन हा आजार मानायचा. सहकाऱ्याने कळवायचं ते प्रशिक्षण घेतलेल्या दुसऱ्या वैमानिकाला. मग उपचार, मानसोपचारतज्ज्ञाची तपासणी, पुढे अनेक वर्षं देखरेख आणि कधीही होणारी चाचणी. हे सगळं पार पडलं की परवाना परत. हजारो वैमानिक या वाटेने पुन्हा उडू लागले. कालपर्यंत सहकाऱ्याचं नाव सांगितलं की त्याची नोकरी जायची; आता ती वाचायची शक्यता त्याच सांगण्यात होती. माणसं तीच होती आणि त्यांची हिंमतही तेवढीच.

8 मार्च 1990 ला नॉर्थवेस्ट कंपनीच्या विमानातले तिन्ही वैमानिक रात्रभराच्या दारूनंतर फार्गोहून मिनियापोलिसला उडाले. विमान सुखरूप उतरलं, तिघांना अटक झाली. कॅप्टन लाइल प्राउज यांचे सगळे परवाने गेले, ते तुरुंगात गेले. बाहेर आल्यावर त्यांनी एकेक परवाना पहिल्यापासून मिळवला, त्याच कंपनीत परतले आणि 747 चे कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. 2001 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना माफी दिली. अशी एक गोष्ट माहीत असलेला सहवैमानिक आपल्या कॅप्टनबद्दल तोंड उघडायला थोडा कमी घाबरत असेल.

भारतात विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएने दारूपुरता हा पेच बराचसा यंत्रावर सोपवला आहे. उड्डाणाआधी बारा तास मद्य वर्ज्य, आणि श्वासाची चाचणी. पहिल्यांदा सापडला तर परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं. यंत्र कुणाचं मित्र नसतं, त्यामुळे सहकाऱ्याची सुटका होते. पण खिन्नतेला वास नसतो.

गुपिताचं मनावर ओझं कसलं पडतं, यावर कोलंबिया विद्यापीठातल्या मायकेल स्लेपियन यांनी बरंच काम केलं आहे. गुपिताचा त्रास बोलताना ते लपवावं लागण्यापेक्षा, एकटं असताना मन पुन्हा पुन्हा तिकडे जाण्याने होतो, असं त्यांना 2017 च्या अभ्यासात दिसलं. दुसऱ्याचं गुपितही असंच छळतं, आणि तरीही ते सांगणाऱ्याशी आपल्याला जवळीक वाटते. म्हणजे ओझं आणि मान एकाच पुडीत.

24 मार्च 2015 ला जर्मनविंग्सच्या सहवैमानिकाने कॅप्टन बाहेर जाताच दार लावून घेतलं आणि विमान फ्रान्सच्या आल्प्समध्ये घातलं. त्याच्यासह 150 जण गेले. त्याचा आजार डॉक्टरांना माहीत होता. काहींनी त्याला कामावर न जाण्याचे दाखलेही दिले होते, पण ते त्याने कंपनीला दिलेच नाहीत, आणि जर्मनीतला गोपनीयतेचा कायदा कडक. फ्रेंच तपास यंत्रणेच्या अहवालात, गोपनीयता कधी मोडावी याचे नियम स्पष्ट करा, ही शिफारस आहेच. पण मला थबकायला लावलं ते दुसऱ्या शिफारशीने: परवाना गेल्यावर वैमानिकाचं आर्थिक नुकसान कमी कसं होईल ते बघा. त्या तरुणावर प्रशिक्षणाचं कर्ज होतं आणि परवाना गेला तर भरपाई देणारा पुरेसा विमा नव्हता. विमान कोसळण्याची चौकशी थेट विम्याच्या हप्त्यापर्यंत आली.

2021 पासून युरोपातल्या विमान कंपन्यांना सहकारी-आधाराची व्यवस्था ठेवणं सक्तीचं आहे. फोन उचलणारा स्वतः वैमानिक असतो, त्याला त्यासाठी शिकवलेलं असतं आणि मागे मानसोपचारातला माणूस असतो. ऐकलेलं तो कंपनीला सांगत नाही. पण लोकांच्या जिवाला धोका दिसला तर गप्प बसणार नाही, ही अट समोरच्याला ठाऊक असते. तरीही लोक फोन करतात.