अद्भुताचे नेमाचे वारकरी

जळगाव जिल्ह्यात दोन चांगदेव आहेत. एक मुक्ताईनगर तालुक्यात, तापी आणि पूर्णेच्या संगमावर. चौदाशे वर्षे जगलेला, वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांच्या भेटीला निघालेला योगी. दुसरा चाळीसगाव तालुक्यातील पाटणादेवीच्या शिलालेखात. हा भास्कराचार्यांचा नातू, यादव राजा सिंघणाच्या दरबारातील ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून तेराव्या शतकाच्या प्रारंभी त्याने मठ स्थापन केला. एक चांगदेव अद्भुताचा, दुसरा गणिताचा. शेजारच्या एरंडोलला लोक पांडवांची एकचक्रानगरी म्हणतात आणि बकासुराची गोष्ट आपल्याच गावची म्हणून सांगतात. त्याच तालुक्यात फरकांड्याचे झुलते मनोरे पाहायला अभियंतेही येत आले आहेत. अशा मुलखातील वाचकाला भयकथा, गूढकथा किंवा विज्ञानकथा परकी वाटण्याचे कारण नव्हते. प्रश्न एवढाच होता, की त्या छापील स्वरूपात त्याच्यापर्यंत आणणार कोण?

हे काम केले छोट्या नियतकालिकांनी, आणि त्या नियतकालिकांना वर्षानुवर्षे न चुकता कथा पाठवणाऱ्या मोजक्या लेखकांनी. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या लेखकांना सहसा एखादा परिच्छेद मिळतो, तोही ‘रंजनप्रधान साहित्य’ या मथळ्याखाली. वाचकाच्या स्मरणात मात्र त्यांची जागा फार मोठी आहे.

अनंत अंतरकर यांनी १९४६ मध्ये ‘हंस’ मासिक सुरू केले. पुढे त्याला ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ यांची जोड मिळाली. तिघांची वाटणी स्पष्ट होती. ‘हंस’ गंभीर ललित साहित्याचा, ‘मोहिनी’ विनोदाचा आणि ‘नवल’ अद्भुताचा. भुताखेतांच्या, गूढ योगायोगांच्या, परग्रहावरच्या, शिकारीच्या आणि गुन्ह्यांच्या अशा सर्व कथांना ‘नवल’मध्ये स्थान होते. या साऱ्या प्रकारांना मराठीत आजही एक सर्वमान्य नाव नाही. ‘अद्भुतकथा’, ‘गूढकथा’, ‘भयकथा’, ‘विज्ञानकथा’ अशा कप्प्यांत समीक्षक त्यांची विभागणी करतात. अंतरकरांनी ती केली नाही. वाचकाला नवल वाटले पाहिजे, ही त्यांची एकच कसोटी होती, आणि मासिकाच्या नावातच ती सांगून टाकलेली होती. अंतरकर १९६६ मध्ये निवर्तले. त्यांचे पुत्र आनंद अंतरकर यांनी हा वारसा पुढे नेला आणि नंतरच्या काळात ही नावे मुख्यतः दिवाळी अंकांच्या रूपाने वाचकांसमोर येत राहिली. साठच्या दशकात ‘धनंजय’ हा दिवाळी अंकही याच वाटेने आला आणि रहस्य, भय व विज्ञान यांचे ते हक्काचे व्यासपीठ बनले.

छोट्या मासिकाला नियमित लेखक का लागतो, हे समजून घेण्यासारखे आहे. मोठ्या मासिकाकडे साहित्याचा ओघ असतो; संपादकाला निवड करायची असते. अद्भुतकथेच्या मासिकाची अडचण उलटी असते. भुताची वाईट गोष्ट कोणीही लिहू शकतो, चांगली फार थोडे लिहितात. दर अंकाला तीन-चार खात्रीच्या कथा हाताशी असल्या, तरच संपादक उरलेल्या पानांवर नवख्याला संधी देण्याचे धाडस करू शकतो. म्हणजे नियमित लेखक स्वतःची कथा लिहितो तेव्हा तो अप्रत्यक्षपणे दुसऱ्या कोणाची तरी पहिली कथा छापून येण्याची सोय करत असतो. शिवाय वाचकाशी त्याचा करार झालेला असतो. अनुक्रमणिकेत ते नाव दिसले, की अंक विकत घ्यायचा की वाचनालयातून आणायचा, याचा निर्णय तिथेच होतो.

असे सर्वांत ठळक नाव नारायण धारप यांचे. जन्म १९२५, निधन २००८. तंत्रज्ञानाचे पदवीधर असलेल्या धारपांची पुस्तके शंभराच्या वर गेली. त्यांचा ‘समर्थ’ हा नायक कथेमागून कथेत परत येतो, अमानवी शक्तींशी झुंजतो आणि वाचकाला धीर देऊन जातो. त्यांचे मर्म भुतात नव्हते, वाड्यात होते. जुना वाडा, माजघर, कंदिलाचा उजेड, बंद खोली, कोणीतरी सांगितलेले पण न ऐकलेले पथ्य. ही सामग्री शहादा किंवा पारोळ्याच्या वाचकाला कल्पनेने उभी करावी लागत नव्हती, ती त्याच्या घरातच होती. विदेशी कादंबऱ्यांचे धागे धारपांनी उचलले हे खरे. ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची कादंबरी आहे. पण त्या धाग्यांना त्यांनी चढवलेला मराठी पेहराव इतका अंगासरशी बसला, की वाचकाला मूळ ठाऊक असण्याची गरज भासली नाही. भयकथेइतकीच विज्ञानकथाही त्यांनी निष्ठेने लिहिली, हे मात्र त्यांच्या चाहत्यांतही अनेकांच्या ध्यानात नसते. ‘गोग्रॅमचा चितार’ आणि ‘नेनचिम’ ही नावे आजही जाणकारांच्या ओठी आहेत. २०१८ मध्ये आलेल्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा होती. २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा तरुणांनी चित्रपटगृहे भरून टाकली. त्यांतील अनेकांच्या आजोबांनी तो ‘प्रकार’ साध्या छपाईच्या अंकांत कधीच वाचलेला होता.

दुसरे नाव रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०). नाटककार म्हणून त्यांची कीर्ती मोठी, आणि बालरंगभूमीवरील कामही मोठे. परंतु ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’ या संग्रहांतील त्यांच्या गूढकथांनी मासिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या वाचकांवर वेगळीच पकड घेतली. धारपांचे भय बाहेरून येते, मतकरींचे माणसाच्या आतून. मत्सर, एकटेपणा, दुखावलेले मूल यांतून त्यांची कथा काळोखी होत जाते आणि शेवटच्या दोन-तीन ओळींत पायाखालची फरशी सरकते. १९७८ पर्यंत मतकरी बँकेत नोकरीला होते. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण या वर्तुळातील बहुतेक जण असेच दिवसा दुसरे काही करणारे होते. सुबोध जावडेकर रसायन अभियंते. बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रात जीवशास्त्राचे संशोधन करणारे. निरंजन घाटे भूशास्त्राचे अभ्यासक. लेखनावर पोट चालवणे शक्य नसलेल्या प्रकारात त्यांनी दशकानुदशके लिहिले, यातच त्यांच्या निष्ठेचे मोल आहे.

विज्ञानकथेला मात्र नुसत्या मासिकांचा आधार पुरला नसता. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने १९७० पासून विज्ञानकथा स्पर्धा सुरू केली आणि नवे लेखक पुढे येण्याचा एक कायमचा मार्ग तयार झाला. या स्पर्धेची सर्वांत गाजलेली हकिगत १९७४ ची. ‘नारायण विनायक जगताप’ या अपरिचित नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिने पहिला क्रमांक पटकावला. जगताप म्हणजे प्रत्यक्षात जयंत विष्णू नारळीकर! स्वतःच्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगला यांच्याकडून कथा उतरवून घेतली होती. जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञाच्या नावाचे दडपण परीक्षकांवर पडू नये, हा हेतू. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी आपल्या भाषणात या नव्या लेखनाची आवर्जून दखल घेतली. १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा नारळीकरांचा संग्रह आला. २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी ते गेले.

ही हकिगत वारंवार सांगितली जाते, आणि ती सुरसही आहे. तिचा एक तोटा असा, की नारळीकरांच्या तेजात आजूबाजूचे तारे दिसेनासे होतात. लक्ष्मण लोंढे यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’, शुभदा गोगटे यांची ‘यंत्रायणी’, अरुण मांडे यांच्या कथा, यशवंत रांजणकर यांचे लेखन यांशिवाय मराठी विज्ञानकथा हा एका शास्त्रज्ञाचा छंद ठरला असता, वाङ्मयप्रकार नव्हे. १९९३ मध्ये बाळ फोंडके यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह संपादित केला. त्यात मराठी लेखकांची हजेरी ठसठशीत आहे, ती या नेमाने लिहिणाऱ्यांच्या बळावर.

इतर ठिकाणीही चित्र फारसे निराळे नाही. अमेरिकेत १९२३ मध्ये ‘वीअर्ड टेल्स’ हे स्वस्त कागदावरचे मासिक निघाले. एच. पी. लव्हक्राफ्ट त्यात नियमाने लिहीत. १९३७ मध्ये ते निवर्तले तेव्हा प्रतिष्ठित साहित्यवर्तुळात त्यांना कोणी ओळखत नव्हते. ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वान्ड्रेई या दोघा मित्रांनी १९३९ मध्ये खास त्यांच्या कथांसाठी ‘आर्कहॅम हाउस’ ही प्रकाशनसंस्था काढली. म्हणून लव्हक्राफ्ट आज जगाला माहीत आहेत. बंगालीत अद्रीश वर्धन यांनी १९६३ मध्ये ‘आश्चर्य’ हे विज्ञानकथेचे मासिक सुरू केले. ‘नवल’ काय आणि ‘आश्चर्य’ काय, दोन्ही भाषांतील संपादकांना शीर्षकासाठी जवळजवळ तोच शब्द सुचावा, हाही एक गमतीचा योग.

लव्हक्राफ्टचे उदाहरण येथे मुद्दाम दिले आहे. मासिकातील कथा आणि पुस्तकातील कथा यांच्या आयुष्यात फार अंतर असते. धारप, मतकरी, नारळीकर यांची पुस्तके निघाली, पुन्हा पुन्हा छापली गेली, गेल्या काही वर्षांत धारपांच्या नव्या देखण्या आवृत्त्याही आल्या. पण ज्याच्या दहा-पंधरा कथा दोन दशकांत विखरून छापल्या गेल्या आणि ज्याचा संग्रह निघालाच नाही, अशा लेखकाचे काय? त्याची कथा जिथे छापली तिथेच आहे, आणि तो कागद संपत चालला आहे. या अंकांसाठी बहुधा वर्तमानपत्री प्रतीचा कागद वापरला जाई. लाकडाच्या लगद्यातील लिग्निन त्यात तसेच राहिलेले असते. प्रकाश आणि हवा लागून तो पिवळा पडतो, त्यात आम्ल तयार होते, तंतू तुटतात आणि घडीवर बोट ठेवताच पान मोडते. उष्णतेने ही क्रिया वेगाने होते. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या जळगाव-भुसावळच्या हवेत माळ्यावर ठेवलेला गठ्ठा त्यामुळे पुण्यातल्या गठ्ठ्याच्या आधी जाणार, हे उघड आहे. कडुनिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या कसर दूर ठेवतात. कागदातले आम्ल त्यांना जुमानत नाही.

खानदेशात वाचनाची परंपरा बळकट आहे. १९४४ मध्ये धुळ्याला मामा वरेरकर, १९५२ मध्ये अमळनेरला कृ. पां. कुलकर्णी, १९८४ मध्ये जळगावला शंकरराव खरात यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलने झाली आणि २०२४ मध्ये अमळनेरला दुसऱ्यांदा मान मिळाला. जळगावचे व. वा. जिल्हा वाचनालय, धुळ्याचे गरुड वाचनालय अशी जुनी ग्रंथालये येथे आहेत. तथापि दिवाळी अंकांचे गणित सर्वच ग्रंथालयांत अवघड असते. वर्गणीदारांसाठी अंक येतात, हातोहात फिरतात, फाटतात आणि पुढच्या वर्षीच्या अंकांना जागा हवी म्हणून बाद होतात. पुस्तकाला दाखल क्रमांक आणि कपाट मिळते. अंकाला बहुधा रद्दीचा तराजू. म्हणून जुने ‘नवल’ किंवा ‘धनंजय’ आज सापडण्याची शक्यता ग्रंथालयांपेक्षा घराघरांत अधिक. एखाद्या निवृत्त शिक्षकाने वर्षाप्रमाणे बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यात, किंवा आजोळच्या फडताळात.

असे गठ्ठे हाती असणाऱ्यांना दोन कामे सहज करता येतील. पहिले अनुक्रमणिकेचे. प्रत्येक अंकाच्या अनुक्रमणिकेचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवले, तरी कोणी, कधी, काय लिहिले याची सूची उभी राहू शकते. लेखकाच्या सातत्याचा तोच एकमेव पुरावा असतो. दुसरे, कथांच्या पानांचे छायाचित्रण. येथे कायदा मध्ये येतो आणि तो नीट समजून घ्यायला हवा. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षे, मृत्यूच्या पुढील वर्षापासून मोजून, हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. धारपांच्या कथा त्यामुळे २०६९ च्या आधी मुक्त होणार नाहीत. त्या जालावर टाकणे हा त्यांच्या कुटुंबावर अन्याय होईल. अनुक्रमणिकेला मात्र अशी अडचण येत नाही, कारण कोणी कोणत्या अंकात लिहिले ही निव्वळ माहिती आहे. टोपणनावाने लिहिणाऱ्याची खरी ओळख कधीच उघड झाली नसेल, तर साठ वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात. १९६० च्या अंकात एखाद्या अनोळखी टोपणनावाने छापलेली आणि पुढे कोणीही न उलगडलेली भुताची गोष्ट त्या हिशेबाने १ जानेवारी २०२१ पासूनच सर्वांची झाली आहे. ती पुन्हा छापायला आता कोणाच्या परवानगीची गरज नाही, फक्त तो अंक सापडायला हवा.