समईच्या उजेडातील आजी

गेल्या दिवाळीत समईपाशी बसलेल्या नव्वदीतील आजीचे छायाचित्र घेतले. फ्लॅश आपोआप उजळला. चेहरा पांढराफटक पडला आणि ज्योतीचा सोनेरी प्रकाश लोपला. यंदा कॅमेरा ‘मॅन्युअल’वर ठेवला आणि फ्लॅश बंद केला. भिंगाचे छिद्र एफ/२.८ इतके उघडले, आयएसओ १६०० केला, शटरचा वेळ १/६० सेकंद ठेवला. चित्र काळोखे आले. वेळ १/३० करताच प्रकाश दुप्पट मिळाला. हात हलू नयेत म्हणून कोपरे गुडघ्यांवर टेकवले. आजीला क्षणभर स्थिर बसण्यास विनविले. या वेळी मागचा अंधार तसाच राहिला आणि आजीच्या सुरकुत्यांवर समईचा उजेड उमटला. वाचकहो, हा सराव सणाच्या दिवसावर ढकलू नका. आजच्याच संध्याकाळी घरातील वडीलधाऱ्यांना दिव्यापाशी बसवा.