सुट्टी दुकानाची की माणसाची?

काउंटरपलीकडे : लेखांक ६

मागच्या लेखांकात दुकानात काम करणाऱ्यांच्या रोजच्या तासांचा हिशेब मांडला होता. आज सणांचा मांडू. मोठी दुकानं, मॉल, साड्यांची शोरूम ऐन सणाच्या दिवशी उघडी असावीत का, ही चर्चा आपल्याकडे दर दिवाळीत निघते आणि भाऊबीज सरली की विरून जाते. गिऱ्हाईकाची सोय आणि मालकाचा धंदा या दोनच बाजूंनी बोललं जातं. काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाकडे वळेपर्यंत तुळशीचं लग्न येतं.

आधी कायदा पाहू, कारण आपल्या राज्यात या प्रश्नाचा पायाच कायद्याने बदलला आहे. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवणं बंधनकारक होतं. पुण्याचा लक्ष्मी रोड सोमवारी बंद, ही आपल्या अंगवळणी पडलेली गोष्ट त्याच व्यवस्थेतली. मालक, सेल्समन, हमाल, शेजारी फॉल-बिडिंग करून देणारा, सगळे एकाच दिवशी घरी. त्याच्या जागी आलेला महाराष्ट्राचा नवा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. आता दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवता येतं. अट एवढीच, की प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी मिळाली पाहिजे. पूर्वी सुट्टी दुकानाला असायची, आता ती एकेका माणसाला वेगवेगळी मिळते.

याच कायद्यात सणांसाठी वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. त्यातल्या चार ठरलेल्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार कोणत्या, हे मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी एकमेकांशी बोलून ठरवायचं. या आठांपैकी कोणत्याही दिवशी मालक कामावर बोलावू शकतो. मात्र मग त्या दिवसाचा दुप्पट पगार द्यायचा आणि वर बदली सुट्टीही. कागदावर हे न्याय्य आहे, उदारही आहे. पण ठरलेल्या चार दिवसांकडे पुन्हा एकदा बघा. चारही राष्ट्राचे, राज्याचे. ज्या दिवशी माणूस घरच्यांसाठी घरी असायला हवा, असा एकही दिवस कायद्याने स्वतःहून राखलेला नाही.

दादरमधल्या एका साड्यांच्या दुकानात बरीच वर्षं काउंटर सांभाळणाऱ्या एका ताईंशी मी यावर बोललो. त्या टिटवाळ्याला राहतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांच्या दुकानात गल्ल्याजवळ पाट मांडतात, वह्यांची पूजा होते, शेठजींच्या घरची मंडळी नटूनथटून येतात. सगळ्या स्टाफला पाकीट आणि मिठाईचा पुडा मिळतो, त्यात काही कमी नसतं. आरती झाली की पुन्हा काउंटर, कारण दुसऱ्या दिवशीच्या पाडव्याची आणि भाऊबीजेची खरेदी करायला गिऱ्हाईक त्याच रात्री येतं. कुणी पन्नास साड्या उलगडायला लावून दोन घेतल्या, तर उरलेल्या अठ्ठेचाळीस साड्यांच्या घड्या कुणीतरी घालायच्याच असतात. काठ आत, पदर वर, कागदाची पट्टी जागच्या जागी. नऊला शटर अर्धं खाली येतं आणि मग हे काम सुरू होतं. त्यानंतर गल्ल्याचा हिशेब जुळेपर्यंत थांबायचं. पुढे स्टेशन गाठावं, तर मध्य रेल्वे दिवाळीच्या सुट्टीला अनेकदा रविवारचं वेळापत्रक लावते. त्यामुळे गाड्या कमी आणि ताटकळणं जास्त. सगळे घरी असतील असं धरून चाललेल्या वेळापत्रकात या बाईसाठी गाडी नसते. घरी पूजा सासूबाईंनी उरकलेली. मुलगी झोपलेली. फुलबाज्यांचा एक पुडा मात्र न फोडता ठेवलेला.

‘बदली सुट्टी मिळाली ना?’ मी विचारलं. ‘मिळाली की,’ त्या म्हणाल्या, ‘पंधरा दिवसांनी, मंगळवारी. तेव्हा हिची शाळा सुरू झालेली, हे कामावर. मी चादरी धुतल्या.’

मला जे म्हणायचं आहे ते सगळं या उत्तरात आहे. सुट्टी मोजताना कायदा तास मोजतो आणि सुट्टी कुणाबरोबर मिळाली हे सोडून देतो. सण मात्र तासांचा बनलेला नसतो. ज्या दिवशी घरातले सगळे एका वेळी घरी असतात, तो सण. एकट्याला मिळालेला मंगळवार हा आराम असेल, पण त्याने लक्ष्मीपूजनाची भरपाई होत नाही. दुप्पट पगारानेही होत नाही, जरी तो पगार कुणाला नकोसा नसला तरी.

हे नीट दाखवून देणारी एक गोष्ट अमेरिकेत घडली आहे. थँक्सगिव्हिंग हा तिथला घराघरातला मोठा सण. गावोगाव पांगलेली भावंडं त्या दिवशी आईवडिलांच्या घरी जेवायला जमतात. तो नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी यायचा. १९३९ साली नोव्हेंबरात पाच गुरुवार होते आणि शेवटचा थेट ३० तारखेला. थँक्सगिव्हिंगआधी नाताळच्या जाहिराती सुरू करायच्या नाहीत, असा तिथल्या दुकानदारीचा संकेत होता. एवढ्या उशिरा सण आला तर नाताळच्या विक्रीला दिवस कमी पडतील म्हणून मोठ्या दुकानदारांनी सरकारकडे आग्रह धरला. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सण एक आठवडा अलीकडे, २३ तारखेला घेतला.

पण सण पाळायचा कधी, हे राज्यांच्या हातात होतं. जवळपास निम्म्या राज्यांनी नवी तारीख धरली, निम्म्यांनी जुनी ठेवली. टेक्सासने तर दोन्ही दिवस पाळले. त्यामुळे मुलगा एका राज्यात, आईवडील दुसऱ्या राज्यात, आणि दोघांची सुट्टी वेगळ्या आठवड्यात. ज्यासाठी सण होता, ते एकत्र जेवणच जमेना. सुट्टी प्रत्येकाला मिळालेली होती, तरीही. तीन वर्षं हा गोंधळ चालला. शेवटी १९४१ च्या डिसेंबरात कायदा होऊन नोव्हेंबरचा चौथा गुरुवार सगळ्या देशासाठी पक्का झाला.

विक्रीचा रेटा तिथे थांबला नाही. सणाच्या दुसऱ्या दिवशीचा शुक्रवार खरेदीचा होताच. दुकानं आधी पहाटे उघडू लागली, मग मध्यरात्री, आणि २०१० नंतरच्या काही वर्षांत बड्या साखळ्यांची दुकानं थेट गुरुवारी संध्याकाळी, लोक जेवणाच्या टेबलावर असतानाच उघडायला लागली. मेसीजसारख्या जुन्या नावाजलेल्या दुकानाने २०१३ मध्ये पहिल्यांदा सणाच्या रात्री दारं उघडली. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहिलेल्या मराठी मंडळींना त्या थंडीतल्या रांगा आठवत असतील. मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि मेन या राज्यांत मात्र जुन्या कायद्यांमुळे बहुतेक मोठी दुकानं त्या दिवशी बंदच राहिली, आणि त्यामुळे त्यांचा व्यापार बुडाल्याचं कुणी ऐकलं नाही. पुढे व्यापाराचे अभ्यासकही सांगू लागले, की गुरुवारी होणारी विक्री बरीचशी शुक्रवारच्या विक्रीतूनच ओढली जाते. २०२० मध्ये महासाथीमुळे वॉलमार्ट, टार्गेट यांनी गुरुवारी दुकानं बंद ठेवली. २०२१ मध्ये टार्गेटने ती दर वर्षी बंदच राहतील असं जाहीर केलं. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे : एकाने उघडलं म्हणून दुसऱ्याला उघडावं लागत होतं. सगळे एकदम थांबले तेव्हा कुणाचंच फारसं नुकसान झालं नाही.

सगळ्यांनी एकाच दिवशी थांबावं असं सांगण्याचा अधिकार सरकारला आहे का, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९६१ मध्ये मॅकगोवन विरुद्ध मेरीलँड या खटल्यात आला होता. रविवारी दुकानं बंद ठेवण्याचे कायदे मूळचे धार्मिक, हे न्यायालयाने मान्य केलं. पण आता त्यांचा हेतू सर्वांसाठी समान विश्रांतीचा दिवस असा ऐहिक आहे, आणि प्रत्येकाला वेगवेगळा दिवस दिल्याने तो हेतू साधत नाही, असा निकाल मुख्य न्यायमूर्ती अर्ल वॉरन यांनी दिला. टिटवाळ्याच्या ताईंचा मंगळवार त्या निकालात बसतो.

युरोपात काही देशांनी हे काम थेट कायद्याने केलं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्यानुसार २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना नाताळच्या दिवशी उघडता येत नाही. कोपऱ्यावरचं छोटं दुकान उघडू शकतं. पोलंडचं उदाहरण मला अधिक जवळचं वाटतं. तिथे नाताळच्या आदल्या संध्याकाळी, आकाशात पहिली चांदणी दिसली की घरातले सगळे एकत्र जेवायला बसतात. दुकानं मात्र त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत उघडी असत. बंद करून, आवरून घरी पोचेपर्यंत चांदणी केव्हाच उगवलेली असायची, आणि स्वयंपाक कुणी करायचा हा प्रश्न वेगळाच. २०२५ पासून २४ डिसेंबर तिथे सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला. त्याच्या बदल्यात नाताळआधीचे तीन रविवार दुकानांना खुले करून दिले. मालक स्वतः गल्ल्यावर बसणार असेल तर बंदीच्या दिवशीही दुकान उघडायची मुभा तिथल्या कायद्यात आहे.

हे जसंच्या तसं उचलून आपल्याकडे लावता येणार नाही, कारण आपल्या काही सणांत खरेदी हाच सणाचा भाग आहे. साडेतीन मुहूर्तांना सराफाचं दुकान बंद ठेवा असं कुणी म्हणणार नाही. दसऱ्याला गाडी घरी आणायची तर शोरूमला उघडावंच लागेल. पण थांबायची रीतही आपल्या बाजारपेठेत जुनी आहे. गुजराती-मारवाडी पेढ्या दिवाळीनंतर बंद राहतात आणि लाभपंचमीला मुहूर्त करून उघडतात. या दिवसांत त्यांचा धंदा कुणी पळवून नेत नाही, कारण सगळी पेठच थांबलेली असते. ही रीत घाऊक बाजाराने टिकवली. किरकोळ विक्रीच्या चकचकीत दुकानांनी ती घेतली नाही.

विरोधात एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. सण कुणाचा? दादरच्या त्या दुकानात रत्नागिरीचा मुलगा आहे, त्याला दिवाळीपेक्षा गणपतीचे पाच दिवस हवे असतात. भायखळ्याहून येणाऱ्याला ईद हवी, वसईच्या मुलीला नाताळ. सर्वांसाठी एक दिवस ठरवला की तो बहुसंख्यांचा होतो, हे नाकारून चालणार नाही. म्हणून मला दोन गोष्टी एकत्र हव्या आहेत. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेली दुकानं आणि मॉल यांनी लक्ष्मीपूजनाला दुपारी चारनंतर आणि भाऊबीजेला पूर्ण दिवस बंद राहावं. शिवाय प्रत्येक कामगाराला त्याच्या स्वतःच्या घरच्या सणाचे दोन दिवस असे असावेत, की त्या दिवशी मालकाला दुप्पट पगार देऊनही बोलावता येणार नाही. दुप्पट पगार घ्यायचा की नाही हे माणसाच्या मर्जीवर आहे असं म्हणतात, पण सणाला नाही म्हटलेल्या माणसाला पुढे कोणता काउंटर मिळतो, हे दुकानात काम केलेल्या कुणालाही विचारा.

मोबाइलवरून दहा मिनिटांत घरपोच माल देणाऱ्या कंपन्या गिऱ्हाईक घेऊन जातील, ही दुकानदारांची भीती खरी आहे. त्यावर उपाय एवढाच, की नियम त्यांच्या गोदामांनाही लागू करावा. गोदामात माल भरणाऱ्यांनाही घर असतं. दूध, औषधं, दवाखाने यांची गोष्ट वेगळी, तिथे वाद नाही. आणि मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यायला लोकप्रतिनिधित्व कायदा मालकांना भाग पाडतोच. एखादा दिवस महत्त्वाचा आहे हे एकदा ठरलं की हे जमतं.

उलट दिशेने मात्र पावलं वेगाने पडत आहेत. आठ सुट्ट्या देणारा आपल्या राज्याचा दुकान कायदा मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच पूर्णपणे लागू होता. ही मर्यादा वीसवर नेण्याच्या आणि रोजच्या कामाचे तास नऊवरून दहा करण्याच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली. पंधरा माणसांचं साड्यांचं दुकान आपल्या प्रत्येक पेठेत दिसतं. मर्यादा वर गेली की आठ भरपगारी सुट्ट्या आणि दुप्पट पगार यांवरचा त्या पंधरा जणांचा कायदेशीर हक्क जातो. लहान व्यावसायिकांचा कागदपत्रांचा त्रास कमी व्हावा हे मलाही पटतं. पण नोंदवहीचा ताण कमी करण्यासाठी सेल्समनच्या दिवाळीवर घाला घालायची गरज नव्हती.

ज्यांना हा कायदा लागू आहे, त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. चार सणांची यादी वर्ष सुरू होण्याआधी, म्हणजे डिसेंबरात ठरते. माझ्या पाहण्यात बहुतेक दुकानांत ती मालकाच्या टेबलावर तयार होऊन थेट भिंतीवर लागते आणि कामगारांची सही नंतर घेतली जाते. कायद्याला मात्र दोघांची संमती हवी आहे. त्यामुळे स्टाफने एकत्र बसून, कुणाला कोणता सण हवा हे आपसांत ठरवून, लेखी मागणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्यावी. लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज दोन्ही त्यात घालावेत. एकेकट्याने मागायला जाऊ नये.

पुढच्या लेखांकात दुकानातल्या स्टुलाविषयी लिहीन. दिवसभर उभं राहणाऱ्या सेल्सगर्लना बसायचा हक्क केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात घातला. तो कोझिकोडच्या बायकांनी कसा मिळवला, तेही त्यात येईल.