‘धन्य’ म्हणजे नेमके कोण? नागपूर–राजनांदगाव गाडीतील एका भेटीची आठवण

गोव्याहून मध्य प्रदेशातील बालाघाटला जायचे तर आधी नागपूर गाठावे लागते. तेथून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाने गोंदियापर्यंत यायचे आणि गाडी बदलून उत्तरेकडे वळायचे. इंग्रजी अमदानीत बालाघाट जिल्हा मध्य प्रांताच्या नागपूर विभागात होता. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत शेजारचा भंडारा मुंबई राज्यात आला आणि बालाघाट पलीकडे राहिला. तरी मराठी आणि पोवारी तेथे अजून कानांवर पडते. या वाटेने आप्तांकडे जाताना गोंदियाच्या फलाटावर मला दर वेळी रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. बालाघाटचा फाटा तेव्हा झाला नव्हता, पण ते ज्या गाडीत बसले होते ती याच स्थानकावरून राजनांदगावकडे गेली.

हा प्रसंग १८९३च्या सुमाराचा आहे. टिळक तेव्हा तिशीचे होते. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले होते, आणि धर्माविषयीचे असंख्य प्रश्न त्यांच्या मनात घोळत होते. राजनांदगावला निघालेल्या या तरुणाशी डब्यातील एका युरोपीय प्रवाशाने संस्कृत काव्यावर गप्पा सुरू केल्या. उतरण्यापूर्वी त्याने ‘नव्या करारा’ची एक प्रत टिळकांच्या हाती दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. त्या माणसाचे नाव टिळकांना पुढे कधीच कळले नाही. पुस्तक वाचताना ते मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायाशी थांबले. ‘डोंगरावरील प्रवचन’ म्हणून ओळखला जाणारा भाग येथूनच सुरू होतो. त्या तीन अध्यायांपासून आपल्याला दूर होता येईना, असे त्यांनी पुढे सांगितले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या प्रवचनाचा आरंभ ‘धन्य’ या शब्दाने होतो. नाताळात किंवा पवित्र सप्ताहात तो आपण सहज ऐकतो आणि त्याचा अर्थ ‘आशीर्वाद मिळालेला’ असा लावतो. वास्तविक हे दोन वेगळे शब्द आहेत. आशीर्वाद देताना वडीलधारा माणूस लहानाच्या डोक्यावर हात ठेवतो आणि ‘आयुष्मान भव’ म्हणतो; त्याचे तोंड पुढच्या काळाकडे असते. धन्य हे मात्र कोणी देत नाही. एखाद्याची आजची स्थिती पाहून तो उद्गार निघतो. मूळ ग्रीक पाठातही हा भेद आहे. आशीर्वाद देण्यासाठी ‘युलोगेओ’ हे क्रियापद येते आणि येथे ‘माकारिओस’ हे विशेषण आहे. मराठी भाषांतरकारांनी हा भेद राखला, याचे भाषेच्या विद्यार्थ्याने कौतुक करायला हवे.

यातली खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. ‘धन्य’ हा शब्द ‘धन’ यापासून आला. ज्याच्याकडे धन आहे, तो धन्य. आणि हे प्रवचन पहिला धन्य म्हणून बोट दाखवते ते दीनाकडे. मत्तय ‘आत्म्याने दीन’ म्हणतो, तर लूक सरळ ‘दीन’ म्हणतो आणि लगेच धनवंतांना इशाराही देतो. पाठोपाठ शोक करणारे, सौम्य, न्यायासाठी भुकेलेले आणि छळ सोसणारे येतात. आणखी एक बारकावा असा की पहिल्या आणि आठव्या वाक्यातील वचन वर्तमानकाळी आहे, मधली सहा भविष्यकाळी. राज्य आज त्यांचेच आहे. सांत्वन मात्र पुढे मिळायचे आहे. घर, गाडी, परदेशातील नोकरी यांना ‘देवाचे आशीर्वाद’ म्हणून मोजण्याची आजची रीत या यादीत कोठेच बसत नाही.

ख्रिस्ती विचाराला मराठी शब्द देण्याचे काम टिळकांच्या कितीतरी आधी आपल्या भूमीत झाले होते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये रायतूर येथे छापले गेले. टिळकांनीही अभंगाचीच वाट धरली. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भावना होती.

आता या धन्यतेची किंमत कोणी मोजली, तेही पाहावे. बाप्तिस्म्यानंतर टिळकांना आप्तांनी दूर केले, आणि पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह चारेक वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. त्या परतल्या तेव्हाही त्यांचा धर्म त्यांच्यापाशी होता. माणसामाणसांत भेद देवाने केला नाही, ही खूणगाठ मनाशी पटल्यावर १९०० साली त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागोमाग घेतला असता तर सोपे झाले असते. टिळकांचा हात तर असा की घरात पैसा टिकत नसे. समोर गरजू दिसला की जे असेल ते देऊन मोकळे. कवीचे हे औदार्य वाचायला गोड लागते, पण संध्याकाळच्या चुलीची काळजी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे सारे हसत सांगितले आहे, तक्रार केली आहे, कडवटपणा नाही. पुढे त्याच घरात त्यांनी अनाथ मुले सांभाळली आणि प्लेगच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा केली. यादीतील ‘दयाळू’ आणि ‘सौम्य’ ही विशेषणे मला तरी पतीपेक्षा पत्नीला अधिक चपखल वाटतात.

१९१७मध्ये टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही सर्वांना खुली अशी मंडळी सुरू केली. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. ख्रिस्तचरित्रावरील ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या हातून दहा-अकरा अध्यायांवरच थांबले होते. लग्नानंतर पतीकडून अक्षरे शिकलेल्या आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी उरलेले साठाहून अधिक अध्याय लिहून काढले. १९३६मध्ये त्या गेल्या; ग्रंथ छापून निघाला तो १९३८मध्ये.