आमच्या धाकाने खणलेला खंदक

कोलकात्यात बायकोची तीन दिवसांची परिषद होती आणि मी शेपटासारखा मागे गेलो होतो. पहिल्या दिवशी व्हिक्टोरिया मेमोरियल एकट्यानेच पाहून झालं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्राला दांडी मारून ती बाहेर आली आणि गळ्यातलं ओळखपत्र पर्समध्ये कोंबत म्हणाली, "अहो, नागपूरच्या माणसाने बघावं असं काही आहे का इथे?"

आहे. मेट्रोने श्यामबाजारला उतरलो. पाच रस्त्यांच्या चौकात नेताजी घोड्यावर बसलेत, त्यांना वळसा घालून विचारत विचारत बागबाजारात गेलो. मराठा डिच लेन. कठड्यावर वाळत घातलेल्या साड्या, ओट्यावर पसरलेलं कुत्रं, विजेच्या तारांचा गुंता. खंदक नाहीच.

खंदक होता तो 1742 सालचा. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालात शिरले, तेव्हा कंपनी सरकारच्या परवानगीने कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती तो खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता. सहा महिन्यांत तीनेक मैल झाला, आणि मराठे काही कोलकात्यात आले नाहीत, म्हणून काम थांबलं. पुढे 1756 मध्ये बंगालचा नवाब सिराज-उद्दौला चालून आला, तेव्हा या अर्धवट खड्ड्याने शहर वाचलं नाही. 1799 पासून तो बुजवत त्याचा सर्क्युलर रोड झाला. आज त्याच्याच दोन भागांना प्रफुल्लचंद्र राय आणि जगदीशचंद्र बोस यांची नावं आहेत. म्हणजे श्यामबाजारहून सियालदहकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलं की बराच वेळ आपण खंदकावरूनच धक्के खात असतो.

हे सगळं आम्ही शाळेत वेगळं शिकलो होतो. तिथे बंगालची चौथाई होती, अभिमान होता. 1751 च्या तहात ओरिसा आणि सालिना बारा लाख रुपये भोसल्यांच्या पदरात पडले, हे पाठ होतं. त्याआधीची दहा वर्षं जळलेली गावं पुस्तकात नव्हती. ती गंगाराम नावाच्या बंगाली कवीने लिहून ठेवली आहेत, आणि त्या काव्याचं नाव 'महाराष्ट्रपुराण'. नाव ऐकून छाती फुगवू नये. आत लूट आहे, जाळपोळ आहे आणि बायकांवरचे अत्याचार आहेत. भास्कररामांना तेव्हाच्या नवाब अलिवर्दीखानाने 1744 मध्ये बोलण्यांच्या निमित्ताने बोलावून दगाफटक्याने मारलं, तेही आम्हाला पाठ होतं. दगा मात्र नेमका दुसऱ्याचाच लक्षात राहतो.

गल्लीच्या तोंडाशी चहा घेतला. मातीच्या भांड्याचा वास चहात उतरला होता. चहावाल्याने हिंदीत विचारलं, कुठले? बायको म्हणाली, नागपूर. त्याने किटली खाली ठेवली, आम्हा दोघांना नीट न्याहाळलं आणि हसून म्हणाला, "बोर्गी!"

शब्द आपलाच, बारगीर. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार. आपल्याकडे हा फरक पगारापुरता. बंगालीत मात्र तो बागुलबुवा होऊन अंगाईत जाऊन बसला.

रात्री परिषदेच्या जेवणात बायकोने ही गंमत एका बंगाली डॉक्टरीणबाईंना सांगितली. त्यांनी ताट हातात धरूनच ती अंगाई म्हणून दाखवली. धान्य पाखरांनी खाल्लं, आता कर कशाने भरायचा, अशी काहीशी. चाल फार गोड होती. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे मुलांना कोणाची भीती घालतात?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.