ट्रॅक्टर उभा असला तरी बॅटरी उतरते



पेरण्या आटोपल्या, कोळपण्या सुरू झाल्या. ज्या गटांनी अवजार बँकेसाठी ट्रॅक्टर घेतला आहे, त्यांचा ट्रॅक्टर आता शेडमध्ये जाऊन उभा राहिला असेल. त्याचं काम पुन्हा रब्बीच्या मशागतीला. मधले दोन-अडीच महिने तिकडे कुणी फिरकत नाही. ताडपत्री टाकली की झालं, असं आपल्याला वाटतं. पण बॅटरी उभ्या-उभ्या रिकामी होत असते. मग ऑक्टोबरात, ओल आहे तोवर हरभरा-ज्वारी पेरायची म्हणून सगळ्यांची घाई, आणि सेल्फ मारला तर नुसतं कट्-कट्. बॅटरी चार्जिंगला तालुक्याला जाते, दोन दिवस मोडतात, तेवढ्यात वरची ओल उडते. भाडं बुडतं, आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

आधी बॅटरीच्या पोटात काय असतं ते पाहू. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकात साधारण २ व्होल्ट. कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेलं गंधकाचं आम्ल. बॅटरी उतरते तेव्हा पट्ट्यांवर शिशाचा एक पांढरट थर बसतो. लगेच चार्ज केली तर तो विरघळतो. आठवडेच्या आठवडे तशीच उतरलेली राहिली, तर थर कडक होतो. भांड्याला लागलेलं दूध लगेच घासलं तर निघतं, दोन दिवसांनी खरवडूनही निघत नाही, तसंच हे. म्हणून उतरलेली बॅटरी ठेवून देणं हेच तिचं मरण. वर्षभरात नवी बॅटरी गेली की आपण दुकानदाराला नावं ठेवतो, पण पुष्कळदा ती अशी उपाशी ठेवल्यामुळे गेलेली असते.

काहीही चालू नसलं तरी बॅटरी हळूहळू उतरतेच, आणि उष्णतेत जास्त वेगाने. तापमान १० अंशांनी वाढलं की उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे जास्त लक्ष हवं. त्यात टेप किंवा घड्याळ जोडलेलं असेल तर तेही थोडं थोडं पीत राहतं. ती गळती थांबवायला तार काढून ठेवायची.

तार काढण्याचा क्रम मात्र चुकवू नका. आधी वजा खुणेची, म्हणजे बहुधा काळी. मग अधिक खुणेची. लावताना उलट: अधिक आधी, वजा शेवटी. कारण वजा तार ट्रॅक्टरच्या लोखंडाला जोडलेली असते. ती तशीच ठेवून अधिकच्या टोकाला पाना लावला आणि पाना अंगाला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. काम करताना पदर खोचा, मंगळसूत्र आत घाला, धातूच्या बांगड्या-अंगठ्या काढून ठेवा. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर तारा काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा. ते पाणी कप्प्यांत जाऊ देऊ नका. कोरडं करून व्हॅसलिन लावा. आम्ल अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहा, आणि डोळ्यात गेलं असेल तर दवाखाना गाठा.

आता मोजणी. मल्टिमीटर विजेच्या सामानाच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो; गटाने एक घ्यावाच. चार्जिंग किंवा काम थांबल्यावर काही तासांनी मोजा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे पोट भरलेलं. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मं, १२.० म्हणजे जेमतेम पाव. १२.४ च्या खाली गेली की चार्जिंगला लावायची. महिन्याच्या बैठकीला बचतीचा हिशेब होतो, त्याच दिवशी बॅटरीचा आकडाही तारखेसह वहीत लिहा. एवढं केलं की ड्रायव्हरदादांच्या ‘बघतो, बघतो’ची वाट पाहावी लागत नाही.

चार्जरचा वेग बॅटरीच्या दहाव्या हिश्श्याएवढा ठेवावा. ८० अँपिअर-अवरच्या बॅटरीला ८ अँपिअर. घाईने जास्त दिला तर पट्ट्या तापतात. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. म्हणून जागा उघडी हवी, चूल-बिडी लांब हवी. चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करा. पाणी घालायचं ते डिस्टिल्डच. बोअरचं नाही, फिल्टरचंही नाही, आणि आम्ल तर कधीच नाही. चार्जिंगआधी पट्ट्या बुडतील एवढंच घाला, खुणेपर्यंत नंतर भरा. चार्ज होताना पाणी वर चढतं. शेडवर लहान सौर पॅनेल, १०-२० वॅटचं, कंट्रोलरसह लावलं तर बॅटरी भरलेली राहते. थेट जोडू नका.

दोन गोष्टी गावोगाव ऐकू येतात. एक, ‘आठवड्यातून पाच मिनिटं चालू करा.’ सुरू करताना जेवढा करंट जातो, तेवढा पाच मिनिटांत परत येईलच असं नाही. चालवायचाच तर निदान तासभर काम करून घ्या. दुसरी, ‘बॅटरी जमिनीवर ठेवली की उतरते.’ जुन्या खोक्यांच्या काळात ते खरं होतं. आताच्या प्लास्टिकच्या खोक्याला नाही. ओल लागू नये म्हणून फळीवर ठेवलीत तर बरंच.

फवारणीच्या बॅटरी पंपालाही हेच लागू. त्यात बहुधा बंद बॅटरी असते, पाणी घालायचं नसतं. पण पंप धुऊन ठेवताना आधी पूर्ण चार्ज करा आणि दोन महिन्यांनी एकदा पुन्हा. लिथियमची असेल तर सोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय तसं करा.

आणि बॅटरी संपलीच, तर ती घरी फोडू नका. शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं, आणि अंगणात सांडलेलं तिथेच राहतं. २०२२च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानात द्या आणि तिची किंमत बिलातून वजा करून घ्या.