मुक्तिफौज : गणवेशातली भूतदया

स्थापना : १८६५, पूर्व लंडन. संस्थापक विल्यम आणि कॅथरीन बूथ. मूळ नाव ‘ख्रिश्चन मिशन’. ‘साल्व्हेशन आर्मी’ हे नाव १८७८पासून, मराठीत मुक्तिफौज.

फौज कसली? शस्त्रांविना. गणवेश, बँड, हुद्दे मात्र लष्करी. पूर्णवेळ धर्मसेवक म्हणजे ‘ऑफिसर’, प्रतिज्ञा घेतलेला सभासद ‘सोल्जर’, जागतिक प्रमुख ‘जनरल’.

ही फक्त धर्मादाय संस्था नव्हे. प्रॉटेस्टंट परंपरेतला हा स्वतंत्र चर्चपंथही आहे. बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे विधी इथे होत नाहीत.

अन्न आणि निवारा : १८८८मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात स्वस्त जेवण व रात्रीचा आसरा देणारे केंद्र सुरू झाले. १८९०च्या आपल्या पुस्तकात विल्यम बूथ यांनी टांग्याच्या घोड्याचा दाखला दिला. लंडनमध्ये घोडा पडला तर त्याला उठवतात. जिवंत असेपर्यंत त्याला चारा, तबेला आणि काम मिळते. माणसालाही किमान एवढे मिळावे, ही त्यांची मागणी. पुढच्याच वर्षी संस्थेने स्वतःचा काडेपेटी कारखाना काढला. कामगारांचा जबडा सडवणाऱ्या पांढऱ्या फॉस्फरसऐवजी तिथे लाल फॉस्फरस वापरला गेला, मजुरीही जास्त होती.

लाल किटली : नाताळातली दानपेटी. सुरुवात १८९१, सॅन फ्रान्सिस्को. गरिबांच्या नाताळच्या जेवणासाठी.

मुंबईत आगमन : सप्टेंबर १८८२. चौघांच्या तुकडीचे प्रमुख फ्रेडरिक टकर हे सनदी नोकरी सोडून आले होते. त्यांनी भारतीय पोशाख स्वीकारला, ‘फकीर सिंग’ हे नाव घेतले.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) : संस्थेचे इव्हॅन्जेलिन बूथ रुग्णालय.